चालणारे, बसणारे आणि आमची आत्या

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत मिळून जेवढी माणसं कामाला असतील, त्यांतलं एकही माणूस एकटं जेवताना माझ्या आत्याला बघवलं नसतं. एकटेपणाची तिला मनापासून चीड होती. नवरा लवकर गेला तशी ती महाळुंग्याहून पिंपरीला आली आणि खानावळ काढून बसली. का, तर चार माणसं पंगतीला असतील. चहा एकटीने प्यायची वेळ आली की ती दारात उभी राहून रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारी. खोकल्याचं औषधसुद्धा तिने कधी एकटीने घेतलं नाही. आल्यागेल्यापुढे बाटली धरून म्हणायची, "घ्या की वाईच. ग्वाड हाय." विजेचं मीटर बघायला आलेला एक भिडस्त माणूस तिच्या आग्रहाखातर भरपूर औषध प्यायला आणि आमच्याच ओट्यावर दिवेलागणीपर्यंत झोपला. उठल्यावर त्याला जेवूनच जावं लागलं. आज मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसतो, रस्त्यावरून माणसं जात असतात, आणि हाक मारायला तोंड उघडत नाही. तेव्हा तिची फार आठवण येते.

पण आयुष्यभर चुलीपुढे भाकऱ्या थापून तिच्या छातीत धूर बसला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिला मोरीपासून दारापर्यंत येतानाच धाप लागायला लागली. मी तिच्याकडेच राहायचो आणि तेव्हा कंपनीत सेकंड शिफ्टला, म्हणजे सकाळचा मोकळा, म्हणून मीच तिला दवाखान्यात नेलं. छातीचे डॉक्टर पुण्याहून स्कूटरवर येत. वयाने तरुण, अंगाने काटकुळे. त्यांनी विचारलं, "मावशी, विडी ओढता का?" आत्या अशी भडकली की धाप विसरली. "मी कशाला वढू? चुलीनं वढली आन मी गिळली!" मग डॉक्टरांनी तिच्यापुढे श्वास मोजायचं यंत्र ठेवलं आणि नळीत जोरात फुंकायला सांगितलं. जन्मभर फुंकणी हाताळलेली बाई ती. "मला फुकाया शिकवतूस व्हय?" म्हणत तिने पदर खोचला, डोळे मिटले आणि फुंकर घातली. मला वाटलं, आता यंत्राचा काटा छपराला लागतो. काटा जेमतेम हलला आणि खाली बसला. "यंतर बिघडलंय," आत्या म्हणाली. डॉक्टरांनी आकडा कागदावर उतरवून घेतला.

त्या काळी धाप लागलेल्या माणसाला खाटेवर पडून राहा, असंच सगळे सांगत. या डॉक्टरांचं म्हणणं उलटं होतं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत रोज थोडं चाललं, तर अशी माणसंही पुन्हा हिंडती-फिरती होतील, याची त्यांना खात्री होती. पण वरिष्ठांना पुरावा हवा होता. म्हणून त्यांनी धापवाल्या मंडळींचे दोन गट केले. औषध दोघांना तेच. एका गटाने रोज संध्याकाळी चालायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं बसायचं, आणि काही महिन्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणाला किती चालवतं ते बघायचं. फरक दिसला, तर या रोग्यांसाठी दवाखान्यात कायमची खोली आणि शिकवायला माणूस मिळणार होता. डॉक्टरांचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता. आत्या चालणाऱ्यांत गेली. तिचे शेजारी, ओतकामाच्या भट्टीवर उमेदीची वर्षं घालवलेले भावजी, बसणाऱ्यांत.

आता आमच्या वस्तीत काही काम नसताना बाई रस्त्याने नुसती चालते, हे कोणाला पटणार? आत्याने त्यावर तोड काढली. हातात रॉकेलचा रिकामा डबा घेतला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, रॉकेल आणायला चालली आहे. आणि एकटीने जायचं तर प्रश्नच नव्हता. तिने भावजींच्या दारात उभं राहून फर्मान काढलं, "भावजी, उठा. डबा घ्या." ते म्हणाले, "मला डाक्टरनं बसाया सांगितलंय." "मग बसा की. आदी नदीपातुर जाऊ, तितं बसा." हळूहळू बसणाऱ्यांतली बाकीचीही मंडळी डबे घेऊन तिच्या मागे निघाली. एवढे डबे रांगेने चाललेले बघून धडधाकट माणसांना वाटलं, रॉकेलची गाडी आली. तीही डबे घेऊन धावली. नदीवर पोचल्यावर रॉकेल नाही म्हटल्यावर केवढा गोंधळ उडाला असेल! आत्याने सगळ्यांना तिथेच बसवून शेंगा वाटल्या. मी संध्याकाळी कंपनीत असल्यामुळे हे सगळं मला मागाहून कळलं.

व्हरांड्यात मोजणी झाली त्या सकाळी मी तिथे होतो. सगळेच आधीपेक्षा छान चालले. आत्या आनंदाने प्रत्येकाची पाठ थोपटत होती. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरत गेला. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन्ही गटांत फरकच नाही हो. चालण्याचा उपयोग नाही, असंच लिहावं लागणार."

आत्याने ते ऐकलं. "उपेग न्हाई कसा? आवो, समदीच चालत हुती!"

डॉक्टर मटकन बाकावर बसले. मग भावजींकडे बघून त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काय घडलं ते त्यांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं, एका शब्दाने रागावले नाहीत. बसणारं कोणी उरलंच नव्हतं; मग चालणाऱ्यांची तुलना करायची कोणाशी? खोली मिळाली नाही. थोड्या दिवसांनी त्यांची बदली झाली. आत्या पुढे कितीतरी दिवस पानावर बसली की म्हणायची, "पोराच्या तोंडचा घास काढला मी." डब्यांची रांग मात्र तिने मोडू दिली नाही.

पण धुराने खाल्लेली छाती किती दिवस साथ देणार? एका हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली, आणि त्यातून उठली ती ओट्यापुरतीच. मंडळी संध्याकाळी दारावरून जाऊ लागली की ती ओट्यावर बसून ओठांचा चंबू करी आणि मधेच ओरडे, "भावजी, दमानं!" एका गुरुवारी मला सुट्टी होती. रांग वळणाआड गेली तशी ती म्हणाली, "बाळा, त्या डाक्टरचा पत्ता काढ. त्येला म्हनावं, आता ये. ती समदी चालत्यात, आन मी एकटी बसलीया. आता मोज म्हनावं फरक."

मी तिच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसलो.

डॉक्टरांचा पत्ता लागेपर्यंत आत्या राहिली नव्हती. तरीही मी त्यांना गाठून तिचा निरोप सांगितला. मग ते म्हणाले, "आणि ती बाकीची मंडळी?"

"चालतात अजून," मी म्हटलं. "आमच्या दारावरून जाताना जरा थांबतात. हाक येईल म्हणून."