आईनं न घेतलेली भाकर

आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. रत्नागिरीत आमची मंडळी एवढीशी, सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात, त्यामुळे भांडणंही घरचीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी अढी असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मगच भाकरीला हात लावावा, असा नियम. म्हणून आदल्या शनिवारी आमच्यात एक गंमत चालते. कुंपणाच्या गडग्यावरून, आंब्याच्या फांदीवरून, लग्नातल्या मानपानावरून महिनाभर तोंड फिरवून बसलेली माणसं एकमेकांच्या घरी जातात, चहा पितात, "मनात काय ठेवू नको हां" म्हणतात, आणि रविवारी शेजारी शेजारी बसून भाकर घेतात. सोमवारी फांदी पुन्हा आहे तिथंच. मी याला शनिवारचा चहा म्हणते. आमच्या पाळकांना, म्हणजे पाद्र्यांना, हे नाव आवडत नाही, पण तो चहा त्यांनीही पुष्कळ प्यायला आहे.

माझी आई या चहाला कधी गेली नाही. शनिवारी ती घरी मनुका उकळत बसायची. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्याच चुलीवर व्हायचा. मिरजोळ्याच्या मासळीच्या कारखान्यातून ती यायची तेव्हा बर्फात काम करून बोटं पांढरीफटक पडलेली असायची, आणि ती ऊन पातेल्याला हात लावून थोडा वेळ नुसती उभी राहायची. मग रस फडक्यातून गाळून बाटलीत भरायची. रविवारी तोच रस छोट्या छोट्या पेल्यांतून बाकाबाकांवर फिरायचा. आईपुढे तबक आलं की ती ते तसंच माझ्याकडे सरकवायची. भाकर नाही, रस नाही. आणि तबक घेऊन येणारा माणूस तिचा सख्खा थोरला भाऊ असायचा, माझा मामा.

मामा मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एक. शाळामास्तर होता, आवाज चांगला, प्रार्थना करायला लागला की बायका पदर डोळ्याला लावायच्या. बाबा तेव्हा मुंबईला नोकरीला, त्यामुळे आमच्या घरातलं काहीही मामाला विचारल्याशिवाय होत नसे.

माझी थोरली बहीण कॉलेजात जायला लागली होती त्या पावसाळ्यात तिला ताप आला. मामा प्रार्थनेचा गट घेऊन आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना केली, आणि खरोखरच सकाळपर्यंत ताप उतरला. दिवस रविवारचा होता. मामानं देवळात उभं राहून साक्ष दिली. "माझ्या भाचीला देवानं बरं केलं, औषधाच्या थेंबाशिवाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझीही छाती फुगली, लपवायचं कशाला?

त्याच दिवशी संध्याकाळी ताप उलटला. आई रिक्षा आणायला निघाली तर मामा दारात उभा राहिला. "थांब गो जरा. विश्वास ठेव. उतरेल." आई थांबली. भावाचा शब्द, त्यात मंडळीच्या वडीलधाऱ्याचा. दुसऱ्या दिवशी बहिणीची लघवी बंद झाली तेव्हा आईनं कुणालाही न विचारता रिक्षा आणली. सिव्हिलमध्ये डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे, घाण पाण्यातून होणारा ताप, उशीर झाला. ती तिथंच गेली. देवाची इच्छा, असं मामा म्हणाला, आणि दफनाच्या वेळची प्रार्थनाही त्यानंच केली.

आईनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं असं मला कितीदा वाटलं. पण तिनं मामाशी बोलणं टाकलं नाही. बाबा मुंबईतच वारले तेव्हा त्यांना आणायला मामाच गेला. नाताळात तो यायचा, आई त्याला बसायला पाट द्यायची, सुरमईचं कालवण वाढायची, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची. फक्त बहीण गेल्यापासून भाकर घेत नव्हती. मंडळीतल्या बायकांना हे कळेना. एक जण तर तोंडावर म्हणाली, "काळीज दगडाचं गो तुझं. सख्खा भाऊ तो. त्यानं काय मुद्दाम केलं?" आई म्हणाली, "नाय केलं. तेच तर."

हे "तेच तर" मला कळायला वेळ लागला. मी एकदा चिडून विचारलं, सगळे ओठात एक नि पोटात एक ठेवून भाकर घेतात, तुलाच कसला एवढा सोवळेपणा? ती म्हणाली, "ज्याचं मन निर्मळ त्याला देव दिसतो म्हणतात. माझं मन काय निर्मळ नाय. दादाची चूक विश्वासापोटी झाली, हे मला समजतं, तरी त्याला बघितलं की पोटात आग पेटते. म्हणजे खोट माझ्यातच आहे. आता वर खोटं बोलून भाकर खाऊ?" ती स्वतःलाच दोषी धरत होती. मला तिचा राग आला, आणि तिच्यासाठी रडूही आलं.

गेल्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. मुंबईला नेऊन आणलं, तिथं त्यांनी घरी न्या असं सांगितलं. पेज घोटभर जायची, बाकी काही नाही. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते, वेणी कसली, मूठभर केस उरले होते, तेव्हा ती म्हणाली, "एकदा घ्यावीशी वाटते गो." काय, ते मी विचारलं नाही. तिला जगण्याची हाव नव्हती, औषधाचा कंटाळा आला होता. मागितलं ते एवढंच.

आमचे पाळक तरुण, कोल्हापूरकडचे, मनानं चांगले. ते लगेच डब्यात भाकर आणि बाटलीत रस घेऊन आले. "ताई, नुसतं माफ केलं म्हणा. देव शब्द मानून घेतो." आईनं डोळे मिटूनच विचारलं, "देव तोंड बघतो की मन?" पाळकांनी डबा परत मांडीवर घेतला. मग त्यांनीच सुचवलं, मामांना बोलवू या.

मामा दुपारी आला. लाईट गेली होती, मी आईला वर्तमानपत्रानं वारा घालत होते. पाळक खुर्चीत, डबा मांडीवर. मामा खाटेशी उभाच राहिला. मला वाटलं आता प्रार्थना सुरू करेल, त्याला तेवढंच येतं. पण त्यानं हातसुद्धा जोडले नाहीत. माणूस म्हातारा झाला होता, शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"बाय," तो म्हणाला, "तुझ्याकडून काय घ्यायच्या आधी एक सांगायचं आहे."

"सांग."

"त्या संध्याकाळी पोरीचे डोळे पिवळे दिसले मला. तुझ्या आधी दिसले. कावीळ काय, लेप्टो काय, शाळेत पोरं आजारी पडलेली बघितली होती मी. कळलं मला."

आईनं डोळे उघडले.

"सकाळी देवळात साक्ष दिलेली. संध्याकाळी दवाखान्यात नेली असती तर लोक काय म्हणाले असते... म्हणून थांब म्हटलं तुला. विश्वासबिश्वास काय नव्हता गो. लाज होती."

माझ्या हातातला कागद थांबला. त्या क्षणी मामाच्या अंगावर धावून जावं असं मला वाटलं, आणि पाळक मध्ये बसले नसते तर गेलेही असते. इतकी वर्षं हा माणूस तबक घेऊन आमच्या बाकापाशी येत होता. स्वतः आधी भाकर घेत होता आणि मग आम्हाला देत होता. आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे दगड म्हणत होते ते माझ्या आईला.

आईनं मान त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, "पिवळे दिसले होते तुला."

"होय."

"मी समजत होते, चुकलेल्या माणसाला मला माफ करता येत नाय. मी वाईट." तिला दम लागला, मी चमच्यानं पाणी दिलं. "माफी कसली द्यायची तेच मला माहीत नव्हतं रे दादा. आज कळलं."

पाळकांना वाटलं झालं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. आईनं हात हलवून नको म्हटलं.

"आता पहिल्यापासून सुरुवात करायला हवी," ती म्हणाली. "वेळ लागेल."

वेळ तेवढाच तिच्याकडे नव्हता. पाळकांनी झाकण लावलं. मामा भिंत धरत बाहेर गेला, चपला उलट्यासुलट्या घालून.

त्यानंतर रोज सकाळी तोंड पुसून झालं की आई मला गप्प राहायला सांगायची आणि डोळे मिटून पडायची. कपाळावर आठी, ओठ आवळलेले, जड घागर उचलायला वाकल्यासारखी. मग डोळे उघडायची आणि म्हणायची, "आज नाय जमलं." तक्रार नसायची त्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाळक चौकशीला येत, डबा पिशवीतच राही. पुढं पुढं तिला बोलवेना, तेव्हा ती नुसती मान हलवायची, आडवी. एका सकाळी मी तोंड पुसायला गेले तर ती गेलेली होती.

मंडळीनं सगळं रीतसर केलं. आमच्याकडे कबर खणायची म्हणजे जांभा दगड फोडायचा, पहारीशिवाय होत नाही. पाळक आपल्या प्रवचनात आईबद्दल म्हणाले की मंडळीची ही बहीण सर्वांशी समेट करून शांतीनं गेली. मी मध्येच उभी राहून नाही म्हणणार होते. बाजूच्या बाईनं माझा हात दाबून धरला.

लोक मूठमूठ माती टाकून पांगायला लागले. मामा शेवटी आला. त्या दुपारनंतर त्यानं तबक धरणं सोडलं होतं, मागच्या बाकावर बसायचा आणि भाकर घ्यायचा नाही. मुठीत लाल माती तशीच धरून तो माझ्यापाशी आला.

"शेवटी काय सांगितलंन तिनं?" त्यानं विचारलं. "माझ्याबद्दल?"

मला हो म्हणता आलं असतं. पाळकांनी सगळ्यांच्या देखत म्हटलंच होतं. म्हाताऱ्याला उरलेले दिवस झोप लागली असती. पण आई ज्यासाठी उपाशी गेली तेच मी तिच्या कबरीवर उभी राहून कसं मोडू?

"रोज प्रयत्न करत होती मामा," मी म्हटलं. "नाही जमलं तिला."

तो मान हलवत राहिला. मग माती टाकायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, त्याला उठता येईना. आजूबाजूला कुणी उरलं नव्हतं. त्याला हात द्यायला हवा हे मला कळत होतं, पण माझा हात काही केल्या पुढे होईना.