इंदुबाईंच्या मापाचं पान

कसब्यात तांबट आळीच्या तोंडाशी, एका जिन्याखालच्या सहा बाय आठच्या जागेत इंदुबाई पतंगे पस्तीस वर्षं ब्लाउज शिवत आल्या आहेत. दुकानाला पाटी नाही. "पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक फिटिंगला त्रास देतं," असं त्यांचं म्हणणं. मी शिकवायचे ती शाळा तिथून चार मिनिटांवर होती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडे पहिला ब्लाउज टाकला आणि नंतर दुसरीकडे कुठे गेले नाही.

त्यांच्याकडे मापांची एक जाडजूड वही आहे. आता तिच्या चार वह्या झाल्या आहेत, पण इंदुबाई सगळ्यांना मिळून 'वही' असंच म्हणतात. प्रत्येक बाईला एक पान. वर नाव, खाली छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा. वर्षं जातील तसं जुन्या आकड्यावर काट मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, पण जुना वाचता आला पाहिजे अशी काट. माझ्या पानावर अशा अकरा काटा आहेत.

ती वही चाळली की पुणं कसं बदललं ते दिसतं. घरोघरी केबल आली त्या वर्षापासून पाठीचे गळे दोन-दोन इंचांनी खाली गेले. लक्ष्मी रोडवर तयार कपड्यांची मोठी दुकानं झाली तेव्हा दोन वर्षं नवी पानं फारशी पडली नाहीत. मग आमच्या शाळेतल्या मुली इंजिनिअर झाल्या, खराडीला आणि हिंजवडीला लागल्या, काही अमेरिकेत गेल्या, आणि त्यांच्या आया कापड घेऊन यायला लागल्या. एकदा मी तिथं बसले असताना विमलाबाई आल्या. त्यांची अमेरिकेतली दीपाली माझी विद्यार्थिनी.

"दीपालीचं तेच माप," विमलाबाई म्हणाल्या.

"तेच कसं? किती वर्षं झाली तिकडे जाऊन?"

"अडीच."

"मग एक इंच वाढवते."

"अहो, ती म्हणते मी आहे तश्शीच आहे."

"सगळ्याच म्हणतात. तिला सांगा, इंदुबाईंनी वाढवलाय. राग आला तर माझ्यावर काढू दे."

ब्लाउज अगदी बेतात बसल्याचा निरोप महिन्याभरानं आला. इंदुबाई फक्त "हं" म्हणाल्या आणि वहीत काट मारली.

साऱ्या पेठेच्या कमरा ज्या वहीत होत्या, तिच्यात इंदुबाईंचं स्वतःचं पान मात्र नव्हतं. स्वतःचा ब्लाउज त्या जुना ब्लाउज कापडावर ठेवून, खडूनं चार बोटं बाहेरून रेघ ओढून बेतायच्या. त्या चार बोटांची पाच बोटं कधी झाली ते त्यांनाही कळलं नसावं. दिवसभर बसकाम, चाळिशीत लागलेला मधुमेह, आणि वजन वाढत वाढत एक्क्याण्णव किलो. शेवटी उजवा गुडघा बोलायला लागला. मशीन पायाचं. मुलानं, विश्वजीतनं, मोटर बसवून दिली होती, ती त्यांनी आठ दिवसांत काढायला लावली. "माझ्या आधी पळते," म्हणाल्या.

गेल्या वर्षी श्रावणात गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शस्त्रक्रिया करावी लागेल, पण आधी दहा-बारा किलो वजन उतरवा. नाही उतरलं तर मशीन सोडा. मधुमेहाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का इथपासून सगळं विचारून, आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं वजनाचं इंजेक्शन लिहून दिलं. सोबत मी गेले होते. पहिले चार आठवडे सगळ्यात लहान डोस, मग सोसलं तर थोडा वाढवायचा, तोही त्या सांगतील तेव्हाच. साखरेची गोळी त्यांनी निम्मी केली, नवरात्राचे उपास बंद केले. मळमळेल, थोडं थोडं खा. उलटी थांबली नाही किंवा पोटात जोराची कळ आली तर वाट न बघता फोन करा. पाणी भरपूर प्या.

"हो," इंदुबाई प्रत्येक वाक्याला म्हणाल्या.

घरी येईपर्यंत विश्वजीतचा फोन. "आई, माझ्या ऑफिसातल्या एकानं तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवले. डायरेक्ट मोठा डोस घेतला त्यानं. विचार ना डॉक्टरांना."

"विचारायचं काय त्यात? आधी कच्चा टाका घालतात. अंगाला बसलं तर मग पक्की शिवण. एवढं तुझ्या कंपनीत शिकवत नाहीत?"

मला वाटलं, यांची काळजी करायला नको.

घटस्थापनेच्या आधीपासून इंदुबाईंकडे गर्दी होते. कोपऱ्यातली रास छतापर्यंत जाते. चौथं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं. त्यांना उलट्या होत होत्या हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. अष्टमीला अकराच्या सुमारास मी माझा ब्लाउज न्यायला गेले. त्यांनी तो पुढे केला. मी उलटून पाहिला आणि पाहतच राहिले. बाहीची शिवण वाकडी होती. मुंढ्यापाशी नीट सुरू होऊन ती मध्येच नुसत्या कापडावर भरकटली होती. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातची वाकडी शिवण मी पाहिली नव्हती.

"इंदुबाई, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. जरा डोळ्यांपुढे अंधारी येतेय." ओठ कोरडे पडून सोलले होते. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि रिक्षा बोलावली.

तिथं सलाइन लावलं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा वर गेलेला निघाला. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"पाणी पीत होतात ना?"

"हो. घरी गेल्यावर दोन तांबे. एका दमात."

"आणि दिवसभर?"

इंदुबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दिवसभर नाही पीत मी. कधीच नाही. दुकानाला संडास नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीच म्हणजे?"

"मशीन मांडलं तेव्हापासून. सकाळी आठला घरून निघायच्या आधी जाऊन येते, मग रात्री घरी. सवय होते."

मी पस्तीस वर्षं त्यांच्या स्टुलावर बसून आल्याचा चहा प्यायले होते. तो चहा नेहमी एकच कप यायचा. माझा.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. उलट्या आणि वर पाणी नाही, म्हणून हे झालं, वेळेवर आलात, असं म्हणाल्या. इंजेक्शन सध्या बंद. तपासणी ठीक आली तर पुन्हा पहिल्या डोसपासून. "पण इंदुबाई, दर तासाला पाणी प्यायची आणि उठून जायची सोय होत नसेल, तर हे औषध मी तुम्हाला परत देणार नाही."

औषध नाही तर वजन नाही, वजन नाही तर गुडघा नाही, आणि गुडघा नाही तर मशीन नाही. हे तिथं कोणी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी विश्वजीत आणि त्याची बायको शेफाली धावत आले. विश्वजीत म्हणाला, "आई, बास झालं. दुकान बंद कर, खराडीला चल. फ्लॅटमध्ये दोन टॉयलेट आहेत."

"ती दोन्ही तिथं आहेत. माझं मशीन इथं आहे."

शेफालीनं नवऱ्याकडे पाहिलं. "मग इथलं बघू या ना आधी," ती म्हणाली.

इथलं म्हणजे मागच्या चौकातला संडास. तो घरमालक सर्जेरावांचा, कायम कुलपात. सर्जेरावांच्या बायकोचे ब्लाउज इंदुबाईच शिवायच्या, भाडं पहिल्या तारखेला पोचतं व्हायचं, पण किल्लीचा विषय कधी निघाला नव्हता. बाईमाणसानं ही गोष्ट पुरुषाकडे मागायची कशी, म्हणून निघाला नव्हता. चार दिवसांनी सर्जेराव पेपर घ्यायला जिना उतरले, तेव्हा इंदुबाई मशीनवरून उठून दारात उभ्या राहिल्या. मी स्टुलावर होते.

"सर्जेराव, मागच्या संडासाची किल्ली हवी आहे."

"कशाला?"

"पूजा घालायची आहे."

सर्जेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पस्तीस वर्षांत मागितली नाहीत कधी."

"पस्तीस वर्षांत तुम्हालाही सुचलं नाही कधी."

ते वर गेले. इंदुबाई पुन्हा मशीनवर बसल्या, पण पाय हलत नव्हता. पाचेक मिनिटांनी सर्जेराव खाली आले आणि कापडाच्या राशीवर दोन किल्ल्या ठेवल्या.

"दोन कशाला?"

"एक हरवाल," म्हणाले, आणि पेपर घेऊन गेले.

दिवाळीनंतर तपासणी ठीक आली आणि इंजेक्शन पहिल्या डोसपासून सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला वजन आणि कमरेचं माप लिहायला सांगितलं. त्या दिवशी इंदुबाईंनी वहीत कोरं पान काढलं, वर 'इंदु पतंगे' असं लिहिलं आणि टेप माझ्या हातात दिली.

"हात वर करा," मी म्हटलं. हे वाक्य त्यांनी साऱ्या कसब्याला ऐकवलेलं. स्वतःवर आल्यावर त्या लाजल्या.

"घट्ट ओढू नका, बाई. उगीच कमी दाखवू नका."

"साडेत्रेचाळीस."

"लिहा."

आता फाल्गुन आहे. त्या पानावर सहा काटा झाल्यात, वजन आठ किलोंनी उतरलंय, आणि आणखी तीन उतरले की गुडघ्याची तारीख मिळणार आहे. डोस डॉक्टरीणबाईंनी एकदाच वाढवला. जुना ब्लाउज ढगळ झाला म्हणून इंदुबाईंनी परवा दोन्ही कुशींत अर्धा-अर्धा इंच आत घेतला. आतलं कापड कापलं नाही.

काल मी गेले तेव्हा मशीनवर, बॉबिनच्या डबीशेजारी, शेफालीनं आणलेली पाण्याची बाटली होती. त्यावर तिनं तासांच्या रेघा मारल्या आहेत. इंदुबाई अकराच्या रेघेपर्यंत पाणी प्यायल्या, मशीनवरून उठल्या आणि कात्रीशेजारच्या खिळ्यावरची किल्ली काढली.

"बाई, बसा जरा. कोणी आलं तर सांगा, येतेच."

मी बसले. आमच्या शाळेतली एक मुलगी फॉल लावलेली साडी न्यायला आली आणि म्हणाली, "इंदुमावशी नाहीत? असं कधी होत नाही."

"आता होतं," मी म्हटलं. "बस."