निकमसाहेबांची किसाची वही

निफाडहून निकमसाहेबांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "बाबा सकाळी गेले, देवरेताई. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मी गॅस बंद केला आणि पहिला विचार काय यावा... की आता महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करून "काय म्हणतोय कीस?" असं मला कोण विचारणार?

कीस खोबऱ्याचा नव्हे, लोखंडाचा. हेलिकॉप्टरच्या इंजिनाची ताकद वरच्या पात्यांपर्यंत पोचवायला गिअरबॉक्स असते. तिच्या तळाशी लोहचुंबक बसवलेलं एक बूच असतं. आतले दात किंवा बेअरिंग झिजायला लागलं की त्यावर बारीक कीस चिकटतो. नव्वदच्या सुरुवातीला मी नाशिकजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये प्लॅनिंगला लागले, तेव्हा उड्डाणाचे ठरलेले तास भरले की गिअरबॉक्स उतरवून उघडायची, मग ती ठणठणीत का असेना. आमचे विभागप्रमुख निकमसाहेब, त्यांना हे अजिबात पटत नसे. माणूस साठीला आला म्हणून त्याला कोणी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवतं का, असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. तेल बघा, थरथर मोजा, कीस वाढतोय का पाहा, आणि मग ठरवा, हा त्यांचा हेका. दर तपासणीला ते बुचावरचा कीस पारदर्शक टेपने उचलून वहीत चिकटवत आणि खाली तारीख, तास लिहीत. आम्ही मागे त्या वहीला त्यांचा फॅमिली अल्बम म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि चालतही होतं.

दहा-बारा वर्षं अर्ज करून करून शेवटी वरून परवानगी आली. एकच गिअरबॉक्स तासांपुढे चालवून बघायची, आणि अट अशी की एकाही तपासणीची नोंद चुकता कामा नये. चुकली की प्रयोग संपला. साहेबांच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष राहिलं होतं. त्यांनी गाजावाजा केला नाही, पण त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आणि माती कोणी खाल्ली? मीच. चौथ्या तपासणीला साहेब यायच्या आत, तेवढीच मदत म्हणून मी बूच काढलं, आणि घरी ओटा पुसायचा हात तो... चिंधीने स्वच्छ पुसून टाकलं. पुसल्यावर कळलं काय केलं ते. चिंधी आधीच दहा ठिकाणच्या तेलाने आणि किसाने माखलेली, तिच्यातून आता काय वेगळं काढणार? कोणी पाहिलं नव्हतं. 'मागच्या वेळेसारखंच' असं लिहून मोकळं होता आलं असतं. सांगावं तर साहेबांची इतकी वर्षं पाण्यात, आणि न सांगावं तर उद्या त्या हेलिकॉप्टरमध्ये माणसं बसणार. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेवटी त्यांच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं.

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "दिसलं नाय ते चांगलंच असणार, असं धरता येत नाय ना आपल्याला." उठले, आणि उड्डाण थांबवल्याचा कागद स्वतःच्या हाताने लिहिला. गिअरबॉक्स उतरवली, उघडली. आत काही म्हणजे काही निघालं नाही. प्रयोग बंद झाला. चूक कोणाची, असं वरून विचारलं गेलं तेव्हा साहेबांनी 'माझ्या विभागाची' एवढंच उत्तर दिलं.

काही महिन्यांनी ते निवृत्त झाले. पुढे हीच पद्धत रीतसर लागू झाली, ती राबवायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यांचे रविवारचे फोन सुरू झाले. त्या दिवसाचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही, आणि विचारायचा मला धीर झाला नाही. मनातून ते माझ्यावर नाराज असणार, हे मी धरूनच चालले होते.

तेराव्यानंतर निफाडला गेले. निघताना सुनंदाने ती वही हातात ठेवली. तुम्हालाच द्यायची असं बाबा म्हणायचे, म्हणाली. घरी येऊन मी भीतभीतच ते पान काढलं. टेप नेहमीसारखी अगदी सरळ चिकटवलेली होती. तिच्यात कीस मात्र नव्हता. आणि त्या रिकाम्या टेपखाली साहेबांचं अक्षर: 'नमुना नाही. उड्डाण थांबवलं. देवरेने आपणहून सांगितलं. माझ्यामागे वही तिच्याकडे द्यावी.'