भरल्या घरावरची पाटी

खरं सांगते, मी थोरल्या जाऊबाईंवर जळते. धुळ्यात देवपूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून, दोघींच्याही वर एकेक भाड्याची खोली. पण त्यांची खोली रिकामी पडलेली मी उभ्या जन्मात पाहिली नाही. जुन्यांचा टेम्पो गल्लीतून वळत नाही तोच नव्यांची गादी जिन्यावर! गुपित काय, तर भाडेकरू निघायच्या महिनाभर आधीच गेटवर पाटी: ‘खोली भाड्याने देणे आहे’. मला ते अभद्र वाटायचं. माणसं आत जेवताहेत आणि बाहेर आपण त्यांच्या जागी दुसरी शोधतोय. मी आपली खोली रिकामी होऊ द्यायची, चुना मारून घ्यायची, मग पाटी लावायची, आणि पुढं महिनोन्‌महिने छताकडं कान लावून बसायची. वर पावलं वाजली नाहीत की मला घर खायला उठतं. यजमान गेल्यापासून तर फारच.

गेल्या वर्षी शिरपूरकडचं एक जोडपं राहायला आलं. तो नरडाण्याला कंपनीत, ती घरीच. गोड पोरगी. संध्याकाळी खाली येऊन माझ्यासोबत भाजी निवडायची आणि अहिराणीत अखंड बडबडायची. मी भुसावळकडची, आमची बोली निराळी. निम्मं कळायचं, निम्मं मी हसण्यावारी न्यायची. मला ती अक्का म्हणायची आणि जाऊबाईंना मोठी अक्का. म्हणजे तिथंही मोठ्या त्याच!

यंदा चैत्रात ती जिन्यातूनच ओरडली, “अक्का, आखाजीले आम्ही बठ्ठा जासूत!”

 आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी जायचं ही आमच्याकडची रीत, पण जायचं तिनं एकटीनं. जावई कशाला जाईल? आणि बठ्ठा म्हणजे सगळं. नवऱ्याच्या बदलीची कुजबुज कानावर होतीच. मी समजले, बिऱ्हाड हललं. विचारलं का? नाही. विचारलं असतं तर रडू आलं असतं, आणि मला भाडेकरूपुढं रडायचं नव्हतं.

त्याच सुमारास जाऊबाईंची पाटी लागली. त्यांचे भाडेकरू आखाजीच्या आधी जाणार होते. ती बघून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, या खेपेला तुमच्या आधी माझी खोली भरते की नाही बघाच! ही दोघं गावाला निघाली त्याच दुपारी मी पाटी टांगली, तीही जाऊबाईंच्या पाटीपेक्षा मोठी. सामान वरच होतं. म्हटलं, न्यायला मागून टेम्पो येईल. आणि मी एरंडोलला भाचीच्या लग्नाला गेले.

परतले तर वर ती ताटवाट्या कागदात गुंडाळत बसलेली. तिच्या बापाची साठी होती, म्हणून जावयालाही बोलावणं. दोघंही जाणार, एवढंच होतं ते ‘बठ्ठा’. दोघं परत आली तर माझ्या गेटवर पाटी! त्यांना वाटलं, अक्कांना आपण नकोसे झालो. शेजारच्या गेटवरही पाटी होतीच.

“अगं, मला वाटलं तुम्हीच चाललात!”

“तुम्हीच पाटी लावली होती ना, अक्का,” ती म्हणाली. “आता मोठ्या अक्कांना शब्द देऊन बसलो आम्ही.”

माझ्याशी इतकं शुद्ध मराठी ती कधी बोलली नव्हती.

जाऊबाई भिंतीवरून म्हणतात कशा, “बाई गं, आधी त्यांच्या तोंडून निघायचा दिवस वदवून घ्यायचा, मग पाटी. नुसती माझी पाटी बघून शिकलीस होय?” तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं खरं होतं म्हणूनच गेली.

आता संध्याकाळी ती भिंतीपलीकडं भाजी निवडते. तिची अहिराणी बडबड स्पष्ट ऐकू येते, आणि मेलं आता सगळं कळतं.

परवा एक कुटुंब दारात आलं. चांगली माणसं, खोली लगेच हवी होती. म्हणाली, “शेजारच्या बाईंनी पाठवलं. त्यांची भरलीय म्हणाल्या, तुमची रिकामी आहे.”

“कुणी सांगितलं रिकामी आहे?” मी त्या पाटीखाली उभं राहूनच म्हटलं. “माझीही भरलीय.”