टेंपोतून उतरलेली सायकल

माझ्या पत्नीला आयुष्यात कधीही चक्कर आलेली नाही. ही साधी वस्तुस्थिती मी आमच्या समस्त नातेवाइकांपासून अनेक वर्षे दडवून ठेवली; इतकी, की तिच्या माहेरची माणसे पुढे पुढे तिला उन्हात उभीसुद्धा राहू देईनात. चक्कर आली होती ती मला. ती का आली आणि मी ती सुरेखाच्या नावावर कशी चढवली, ते आज लिहितो. वाचकांनी हसायला माझी हरकत नाही. मी स्वतःही या गोष्टीला पुष्कळ हसलेलो आहे, आणि तोच माझा मोठा अपराध आहे.

सुरेखाचे माहेर सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना एका फाट्यावरून आत. तिच्या लहानपणी हायस्कूल शेजारच्या गावी होते. तिचा धाकटा भाऊ मल्लिनाथ आठवीत गेला, तेव्हा त्याला सायकल मिळाली. सुरेखा आठवीत गेली होती, तेव्हा तिची शाळा सुटली होती. ‘पोरीच्या जातीनं सायकलीवर बसायचं व्हय?’ असे त्या वेळी म्हणणारी तिची आई, म्हणजे अव्वा, म्हातारपणी मात्र त्या एका वाक्यापायी झुरत असे. सुरेखा पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आम्ही राहतो त्या सोलापुरातल्या होम मैदानावर सायकल शिकली (शिकवणारा मी, पडणारी ती, ओरडणारा पुन्हा मी). अव्वाला फोनवर ते कळले, तेव्हा तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, “हितं ये सायकलीवर बसून. अंगणात येऊन उतर. मला एकदा डोळ्यानं बघू दे.”

फाल्गुन संपत आला होता. ज्वारी काढून झाली होती, शिवारात कडब्याच्या गंजी उभ्या होत्या, कडुलिंबांना कोवळी तांबूस पालवी फुटली होती. सकाळच्या गारव्यात, संथपणे, रमतगमत जायचे असे ठरले होते. सुरेखाजवळ पुढे बास्केट असलेली साधी लेडीज सायकल होती. माझ्याजवळ गिअरची सायकल, हेल्मेट, काळा गॉगल, वेग मोजणारा मोबाईल आणि बुडाशी गादी शिवलेली घट्ट चड्डी होती. मी एका सायकल मंडळाचा सभासद होतो. (बहुतेक सभासद फक्त चहाला येत. पण चड्डी सर्वांकडे होती.)

संथपणा मला फाट्यापर्यंतही जमला नाही. मी सुसाट पुढे जाई, झाड दिसले की थांबे, धापा टाके आणि सुरेखा आली की तिला श्वास कसा घ्यावा हे शिकवी.

“अहो, तुम्ही पुढं जाऊन थांबताय, मी न थांबता येतेय. मग आधी पोचणार कोण?”

“प्रश्न पोहोचण्याचा नाही, सुरेखा. प्रश्न वेगाचा आहे.”

“मला नाही वेग पाहिजे. मला अव्वाच्या अंगणात उतरायचंय, बस.”

माहेरच्या अलीकडच्या गावी जत्रा होती. रस्त्यावरच मांडव, मांडवात पंगत. पुढून सायकल काढणे अशक्यच होते. एका गृहस्थांनी माझे हँडल धरले.

“कुटलं पावणं म्हनायचं?”

सुरेखाने आपल्या माहेरचे नाव सांगितले आणि घात झाला!

“आरं, शेजारच्या गावचं जावई हायत! म्हंजी आपलंच जावई की! न जेवता जायचं न्हाय!”

आता जावयाने चड्डीवर पंगतीला बसावे तरी कसे? तोही प्रश्न चटकन सुटला. कोणीतरी एक सोलापुरी चादर आणून माझ्या कमरेला गुंडाळली. हेल्मेट काढायचे मला सुचलेच नाही. शेजारचे आजोबा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “जावाई पोलिसात हायत का?”

पंगतीत हुग्गी होती. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची गुळातली दाट खीर, आणि तिच्यावर तुपाची धार. सुरेखाने चमचाभर खाऊन हात जोडले, “पुढं सायकल चालवायचीय मला.” तिचे लगेच ऐकले गेले, ती पडली लेक. जावयाला तशी सवलत नसते. ‘नको’ हा शब्द जावयाने केवळ लाजून उच्चारायचा असतो आणि वाढणाऱ्यांनी तो ऐकायचा नसतो.

“लाजू नगा, दाजी!”

“अहो, खरंच पुरे.”

“आमचं गाव गरीब वाटलं व्हय?”

या प्रश्नाला हुग्गी खाण्यावाचून उत्तर नव्हते. मी पुन्हा पुन्हा उत्तर देत राहिलो.

तिथून निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. सासुरवाडीच्या देवळाचे शिखर दिसू लागले. सुरेखाचा चेहरा इतका उजळला होता, की ती जणू आठवीच्याच वर्गात निघाली होती. आणि मला मात्र एकाच्या जागी दोन शिखरे दिसू लागली! हँडलही दोन झाली. त्यांपैकी चुकीचे हँडल मी वळवले असावे. पुढे मी एका कडुलिंबाखाली आडवा होतो आणि सुरेखा ओढणीने वारा घालत होती.

“तुम्ही सावलीत पडून राहा. मी पुढं जाते आणि मल्लूला गाडी घेऊन पाठवते. अव्वा वाट बघत असेल हो.”

किती सरळ उपाय होता! मी तो मान्य करणार, इतक्यात एक टेंपो येऊन थांबला. जत्रेला मांडवाचे कापड देऊन, उरलेले घेऊन परत निघालेला सासुरवाडीचा शिवप्पा त्यातून उतरला.

“दाजी! काय झालं वो?”

मी खरे सांगितले असते, तर ‘जावई हुग्गी खाऊन सायकलीवरून पडला’ ही बातमी टेंपोच्याही आधी गावात पोहोचली असती. माझा वेग, माझे हेल्मेट, माझे मंडळ...! मी सुरेखाचे मनगट धरले आणि म्हणालो, “हिला चक्कर आली.”

शिवप्पाने उभ्या असलेल्या सुरेखाकडे पाहिले. मग आडव्या पडलेल्या माझ्याकडे पाहिले.

“मग तुमी का खाली?”

“हिला धरताना पडलो.”

आणि त्याचा विश्वास बसला! चक्कर बायकांना येते, पुरुषांना येत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. मलाही होते.

“आक्का, आता सायकलीवर बसायचं न्हाय. चला टेंपोत.”

सुरेखाने माझ्याकडे रोखून पाहिले. मग तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतले आणि आपली सायकल आपणच उचलून टेंपोत चढवली. चक्कर आलेल्या बाईने! शिवप्पाला तेवढेही दिसले नाही.

अव्वा ठेवणीतले इरकल नेसून कट्ट्यावर बसली होती. लेकीवरून उतरून टाकायला तिने भाकरतुकडा आणि तांब्याभर पाणी तयार ठेवले होते. टेंपो दारात आला, तशी ती मान उंच करून आमच्या मागचा रस्ता पाहू लागली.

“बाजूला घे रं गाडी, शिवप्पा. माझी लेक याय लागलीय सायकलीवर.”

मांडवाच्या गुंडाळलेल्या कापडांमधून सुरेखा खाली उतरली. शिवप्पाने सगळे सांगितले. अव्वाच्या हातातला तांब्या कलंडला.

“जळलं गं माझं तोंड! माझ्याच हट्टापायी तुला हे झालं. आता शिवू नगो त्या सायकलीला.”

सुरेखाला बाजेवर निजवले, लिंबूपाणी पाजले. आणि मला? मला जेवायला वाढले. नाही कसे म्हणणार? चक्कर मला आलीच नव्हती!

परतताना सायकली टपावर होत्या; बसमध्ये सुरेखा एवढेच म्हणाली, “दुसऱ्या कुणाला सांगू नका हवं तर. पण अव्वाला तेवढं सांगा. ती स्वतःला दोष देत बसलीय.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी सांगायला निघायचो आणि दरवेळी माझ्या तोंडून हवापाण्याच्या गोष्टी निघायच्या. त्याच पावसाळ्यात अव्वा अंथरुणाला खिळली. मी शेजारी बसलो असताना तिने माझा हात धरला. “जावईबापू, सुरेखाला उन्हात नेऊ नगा. लई नाजूक हाय.” मी मान खाली घालून “हो, अव्वा” म्हणालो. दिवाळी तिने पाहिली नाही. सुरेखाची सायकल जिन्याखाली गेली ती तिथेच राहिली.

मल्लिनाथला मात्र एक हुकमी किस्सा मिळाला. बारसे असो, लग्न असो, तो सुरू करायचा, “आमची आक्का सायकलीवर निघाली आणि टेंपोतनं पोचली!” लोक हसत. सर्वांत मोठ्याने मी हसे.

यंदाच्या चैत्रात त्याच अंगणात त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणे आटोपल्यावर मल्लिनाथने नव्या व्याह्यांना तोच किस्सा ऐकवला. विहीणबाई हसून हसून बेजार झाल्या, मग मायेने सुरेखाला म्हणाल्या, “ताई, तुमी सावलीला सरका हं.” आणि सुरेखा उठली, खुर्ची उचलून सावलीत घेऊन गेली आणि तिथे बसली. तिला सवय झाली होती. ती सवय मी लावली होती. त्या दिवशी मला हसू आले नाही.

मी उभा राहिलो. “मल्लिनाथ, ते तसं झालं नव्हतं.” माझा आवाज मुळातच लहान, घशातून तो निम्माच बाहेर आला.

“काय म्हनत्यात जावई?” खांबाला टेकलेल्या चुलत सासऱ्यांनी विचारले. त्यांना ऐकायला अजिबात येत नाही.

“पाणी मागत्यात!” कोणीतरी सांगितले. पाणी आले. मी ते प्यायलोही.

“चूक माझी होती,” मी पुन्हा म्हणालो.

“आँ? काय म्हनत्यात?”

“दाजी, मोठ्यानं बोला की! काकांना काय कळंना झालंय!”

“अहो, राहू द्या आता,” सुरेखा सावलीतून म्हणाली. पण तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

मग ज्याने उभ्या आयुष्यात कधी रिक्षावाल्यालासुद्धा हाक मारून थांबवले नाही, तो मी, गळ्यात फुलांचा हार आणि हातात रिकामा पेला घेऊन, नव्या व्याह्यांसमोर, बहिऱ्या सासऱ्यांच्या कानाशी वाकून, शेजारच्या गल्लीतली माणसे दारात गोळा होईपर्यंत ओरडलो, “चक्कर मला आली होती! मी हुग्गी खाऊन पडलो होतो! सुरेखा सायकलवरच येणार होती, मी येऊ दिलं नाही! अव्वाला सांगायची हिंमत झाली नाही! सुरेखा, माझं चुकलं, मला माफ कर!”