दसऱ्याच्या आत फुलणारी झाडं

दोन खोल्यांचं घर पुरं झालं आणि पुढं दोन बाजा मावतील एवढं अंगण उरलं. तेवढ्यावर मी हुरळून गेले. शाळेत पोरांना बेरजा शिकवता शिकवता डोक्यात रातराणी कुठं, जास्वंद कुठं, कुंपणाला कोरांटी की बोगनवेल, हेच चालायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. मी तर दोन्ही गुडघ्यांना बांधलं होतं.

या उत्साहात थोडं कारस्थानही होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; बाबा गेल्यावरही आई मावशीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून दर वर्षी ऊस तोडायला जायची. दसरा झाला की ट्रकमध्ये संसार, परत येणं थेट उन्हाळ्यात. आता मला नोकरी लागली होती, तिनं राबायची गरज उरली नव्हती. पण "यंदा जाऊ नकोस" म्हटलं की ती म्हणायची, "बघू." तिचं बघू म्हणजे गाठोडं बांधलंच समजा. तिला घरी ठेवायचं तर तिचा जीव कशात तरी गुंतवायला हवा होता, आणि मला झाडांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

पावसाळ्यात एके दिवशी तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि लिंबागणेशच्या रस्त्यावरची नर्सरी गाठली. आत शिरताच माझं भान सुटलं. हे घेऊ, तेही घेऊ, तो लाल गुलाब तर घेऊच. नर्सरीवाला खूश. आई मात्र एकेका रोपापुढं उकिडवी बसून एकच विचारत होती, "दसऱ्याच्या आत फुलतंय का?"

सोनचाफ्याला पुढचं वर्ष लागणार होतं. आई पुढं सरकली. शेवंतीचा बहर दिवाळीनंतर. आई पुढं. शेवटी तिच्या हातात तेरडा, गुलबक्षी आणि झेंडू एवढंच राहिलं.

"काकू, दसऱ्याला घरी काही कार्यक्रम हाय का?" नर्सरीवाल्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. पर मागून फुललं तर बघनार कोन?"

जुन्या घरापुढंही ती दर पावसाळ्यात काहीबाही लावायची, पण दसऱ्यानंतर फुलणारं एकही झाड तिनं कधी लावलं नव्हतं. लावणार तरी कशाला? डोळ्यांत पाणी यायच्या आत मी शेवंतीची रोपं उचलली.

"ही कावून?"

"मला आवडते म्हणून."

"मंग तूच बघ," ती म्हणाली.

झाडं रुजली आणि मी सकाळ-संध्याकाळ त्यांच्याभोवती पिंगा घालू लागले. एका रविवारी बीडला बाजाराला गेले आणि परत आले तर अंगणाचा तोडलेल्या उसाचा फड झालेला. गुलाब, मोगरा, जास्वंद, सगळं आईनं कोयत्यानं जमिनीलगत कापलं होतं. वर कापलेल्या फांद्यांच्या सुबक मोळ्या बांधून भिंतीला लावून ठेवल्या होत्या.

"आई, हे काय केलंस!"

"छाटनी. बुडातून घेतलं की खोडवा जोरात फुटतो. वर काडी ठेवली का वाया जाती."

"अगं, हा ऊस नाही!"

"मूळ तर हाय ना?"

राग असा आला होता की मी पिशवी आपटली. पण त्या मोळ्यांकडं नजर गेली आणि हसू फुटलं ते थांबेचना. मी ओट्यावर बसले, मग तीही बसली, आणि पदरात तोंड खुपसून हसू लागली. मोगरा आणि जास्वंद तिच्या म्हणण्याप्रमाणं खरंच फुटले. गुलाबाचं मात्र कलमच मोळीत गेलं होतं. बुडातून रानटी काड्या आल्या आणि भावकीसारख्या पसरल्या, फूल एक नाही, नुसते काटे. आई त्यालाही इमानानं पाणी घालायची. स्वतःच्या झेंडू-तेरड्याला तिनं हात लावला नव्हता. माझ्या झाडांतली शेवंती तेवढी वाचली होती, कारण ती अजून तोडीला आलेली नव्हती.

दसऱ्याला दारावर घरच्या झेंडूचं तोरण लागलं. मी दिवसभर मिरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाठोडं दिसलं आणि माझं सगळं मिरवणं उतरलं.

"आई, नको ना जाऊस."

"टोळी खोळंबंल. आन् घरात बसून करू काय? हात शिवशिवत्यात." ती तांब्या घेऊन झाडांकडं गेली. थोड्या वेळानं तिची हाक आली. ती शेवंतीपुढं वाकून उभी होती. "ह्या काय गं, हरभऱ्यावानी?"

"कळ्या."

"रंग कंचा?"

पिवळा. नर्सरीवाल्यानं दोनदा सांगितलं होतं. पण मी साळसूद तोंड करून म्हणाले, "कुणास ठाऊक. दिवाळी झाली की उमलतील, तेव्हाच कळायचं."

ती बोटानं एक कळी वर करून नुसती बघत राहिली.

दुपारी ट्रक आला. वर भांडी, शेळ्या, लेकरं आणि सगळ्यात उंचावर मावशी.

"आगं चढ की! कावून उभी ऱ्हायलीस?"

"मी येत न्हाई," आई म्हणाली. "शेवंतीचा रंग बघायचाय मला."

ट्रकमधली सगळी हसली. मावशीनं कपाळावर हात मारला, "येडी का खुळी तू!" मी तर दारातच उड्या मारायला लागले. आईनं मागं वळून दटावलं, "शाळंची बाई ना तू? कावून नाचायलीस?"

ट्रक निघाला. आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. माझ्या लक्षात आलं, गावातून जाणारा तो ट्रक तिनं बाहेरून कधी पाहिलाच नव्हता.

"लई धुरळा उडतो की गं," ती तोंडाला पदर लावत म्हणाली. "आमाला वर कवा कळलंच न्हाई."