करडाची आई कोणती

ज्ञानेश्वरीशी वाद घालायचा तर पोटभर जेवून यावं, असं तिच्या ऑफिसात म्हणतात. खोटं नाही ते. कन्नड तालुक्यातल्या, शेळ्या राखणाऱ्या घरातली ही पोरगी संभाजीनगरात बसून शेळ्यांच्या वंशाचं सॉफ्टवेअर लिहिते. कोणत्या बोकडाची करडं वजनाला भरतील, हे ते सांगतं, आणि त्यावरून पैदाशीचे बोकड निवडले जातात.

त्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं एक भाग घातला होता. आईबापाचे गुण करडात सुटे सुटे येत नाहीत, शेजारशेजारचे जोडूनच येतात. अशा जोडून आलेल्या तुकड्याला हॅप्लोटाइप म्हणायचं. कोणत्या तुकड्यानं वजन किती वाढतं, हे तिचा भाग काढायचा. सगळीकडं तो झकास चालला आणि माती खाल्ली ती नेमकी तिच्याच गावच्या कळपांत. तिथल्या कितीतरी करडांत नोंदीतल्या आईचा एकही तुकडा सापडेना.

"मॉडेल गंडलंय तुझं," शेजारच्या टेबलावरचा अभय म्हणाला. बद्रीनाथ सर ऑफिसचे प्रमुख. त्यांनी तर सांगूनच टाकलं, सोमवारपर्यंत उलगडा झाला नाही तर हा भाग काढायचा आणि जुनी पद्धत लावायची.

एवढी वर्षं घासून केलेलं काम असं उचलून फेकणार म्हटल्यावर तिच्या जिवाला लागलं. पण डगमगेल ती ज्ञानेश्वरी कसली. "मॉडेल बरोबर आहे सर, आयाच चुकल्यात," असं तोंडावर सांगून ती रविवारी एसटीत बसली.

घरी आई, राजाबाई, शेळ्यांच्या वाड्यात होती. एका शेळीचं करडू दगावलं होतं. राजाबाईनं तिळं व्यालेल्या शेळीचं एक करडू उचललं, पाठीला मीठ चोळलं आणि त्या शेळीपुढं धरलं. शेळी चाटायला लागली, करडू सडाला लागलं. लहानपणी ज्ञानेश्वरीनंही हे कैकदा केलं होतं. तिनं कपाळावर हात मारला.

"आई, नोंदी घेणारा माणूस करडाची आई विचारतो, तवा तू कोणती शेळी दाखवती?"

"जी पाजती ती. दुसरी कोणती दाखवू?"

गावभर हेच चाललेलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"आन आपला मोठा बोकड? चंद्रीचाच ना?"

"चंद्रीचाच. व्याली काळी, पर वाढवला चंद्रीनं."

वजनदार वाणाच्या चंद्रीच्या नावावर तो बोकड निवडीच्या जुन्या यादीत पहिला होता, आणि काळीचा वाण हलका. तेवढा एक तसाच ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? तिला कळणार होतं. घरोघर विचारून तिनं खऱ्या आया लिहून घेतल्या, त्यात काळीही लिहिली.

सोमवारी सगळे तुकडे जागच्या जागी बसले. "हा भाग राहील," सर म्हणाले. घरचा बोकड मात्र यादीतून गेला.

"घरचा एक तरी ठेवायचा," अभय पुटपुटला.

"मग मॉडेल कशाला ठेवायचं?" ती म्हणाली.

जिन्यात उभं राहून तिनं आईला फोन लावला. कसंबसं सगळं सांगितलं.

"बरं. नाय निवडला तर नाय," राजाबाई म्हणाली. "पर चंद्रीपुढं हे बोलू नको कधी. तिनं लई जीव लावून पाजलाय त्याला."